ओटावाची सनद आणि पाटोद्याची वाट

नवरात्र सरले, आपट्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतील गावांची कळा पालटू लागते. कालपर्यंत ज्या घरांच्या कौलांतून आणि पत्र्यांतून सांज-सकाळ धूर निघत होता त्या घरांना कुलपे लागतात, ओट्यांवर म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदराशी ठेवलेली शाळकरी मुले तेवढी उरतात, आणि चुलीवरची भांडी, अंथरूण-पांघरूण, ज्वारी-बाजरीची पोती, एखादी शेळी आणि कडेवरची तान्ही मुले यांसह तरणीताठी माणसे ट्रकांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत आणि बैलगाड्यांत बसून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांकडे, आणि त्यांच्याही पलीकडे कर्नाटकाच्या मुलखाकडे, उसाच्या फडांची वाट धरतात. कारखान्यांची धुराडी थंडावून ती परत येतात तेव्हा चैत्राचे ऊन तापू लागलेले असते. वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ ज्या गावात माणूस नसतो त्या गावाच्या आरोग्याची दप्तरे मात्र बाराही महिने त्या गावातच असतात.

आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांविषयीच्या या प्रकरणाचा आरंभ जिनिव्हाच्या सभागृहातून न करता बालाघाटच्या डोंगरांतील या वाटेवरून करण्याचे कारण असे, की या परिषदांचा जन्मच मुळी वाटसरूच्या प्रश्नातून झालेला आहे. प्रवासाला निघालेले माणूस आपल्याबरोबर काय घेऊन येईल, ही भीती त्यांच्या मुळाशी होती. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे फार उशिरा आला, आणि त्याचे पुरते उत्तर अद्याप कोणत्याही ठरावात आलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथींनी युरोपची बंदरे हादरली, तेव्हा १८५१ साली पॅरिस येथे बारा राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले. प्रत्येक राष्ट्राने दोन माणसे धाडली होती, एक वैद्यकाचा जाणकार आणि एक राजकारणाचा. आणि दोघांना स्वतंत्र मत होते, त्यामुळे एकाच देशाचे दोन प्रतिनिधी परस्परविरुद्ध बाजूंना हात वर करीत असल्याचे दृश्य तेथे दिसले. सहा महिने चर्चा चालली. पटकी एकापासून दुसऱ्यास होते की हवा बिघडल्याने होते, जहाजे बंदराबाहेर किती दिवस रोखून धरावीत, रोखल्याने व्यापाराची जी हानी होईल ती कोणी सोसावी, या वादांतून हाती फारसे काही लागले नाही. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकीने हाहाकार माजवला आणि पुढल्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदेने या रोगाचे मूळ हिंदुस्थानात, गंगेच्या मुखाकडील प्रदेशात आहे असा निष्कर्ष काढून आपल्याकडील यात्रांकडे आणि यात्रेकरूंकडे बोट दाखवले. १८५१ पासून १९३८ पर्यंत अशा चौदा परिषदा झाल्या. त्यांच्या कामकाजात हिंदुस्थानचा उल्लेख जागोजाग आढळतो; पण तो रोगाचे उगमस्थान म्हणून, आणि येथील रयतेचे पाणी शुद्ध कसे व्हावे हा विषय त्या उल्लेखामागे क्वचितच येतो.

या मालिकेतील एका परिषदेने महाराष्ट्राच्या इतिहासाला थेट स्पर्श केलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला, आणि काही महिन्यांतच व्हेनिस येथे केवळ प्लेगच्या विचारासाठी आंतरराष्ट्रीय परिषद बोलावण्यात आली. हिंदुस्थानातून येणारी जहाजे आणि माल युरोपच्या बंदरांत अडवला जाईल या धास्तीने सरकारने साथरोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मंजूर करून घेतला, आणि त्या कायद्याच्या अंमलात पुण्यात घरोघर जी झडती झाली, स्त्रियांची जी विटंबना झाली, देवघरांत जे बूट शिरले, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला हे मराठी वाचकास सांगावयास नको. आपण तो प्रसंग चापेकरांच्या चरित्रात वाचतो आणि ते योग्यच आहे; परंतु ज्या दडपणाखाली पुण्याच्या प्लेग-अधिकारी रँडसाहेबाच्या हाती एवढा अनिर्बंध अधिकार आला त्या दडपणाचा एक धागा व्हेनिसच्या त्या परिषदेपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांतून जितकी ठळकपणे यावयास हवी तितकी आलेली नाही. त्याच साथीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस सिद्ध केली, ही त्याच काळाची उजळ बाजू.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिषदांचे स्वरूप बदलले. १९४६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे भरलेल्या आरोग्य परिषदेत एकसष्ट राष्ट्रांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर स्वाक्षऱ्या केल्या. ती घटना ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली, आणि शरीर, मन व समाजजीवन या तिन्ही अंगांनी माणूस सुस्थितीत असणे म्हणजे आरोग्य, ही व्यापक कल्पना राष्ट्रांनी कागदावर तरी मान्य केली. योगायोग असा, की त्याच १९४६ साली आपल्या देशात भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि खेड्यापर्यंत सरकारी आरोग्यसेवेची उतरंड कशी रचावी याचा पहिला सर्वांगीण आराखडा देशापुढे आला. त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशकात जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले गृहस्थ होते.

१९४८ पासून दर वर्षी, बहुधा मे महिन्यात आणि बहुधा जिनिव्हा येथे, संघटनेची जागतिक आरोग्य सभा भरते. तिसऱ्या सभेचे, म्हणजे १९५० च्या सभेचे, अध्यक्षपद आपल्या राजकुमारी अमृत कौर यांनी भूषविले होते. या सभेत ठराव होतो म्हणजे काय होते? ठरावाच्या मागे फौज नसते, जप्तीचा हुकूम नसतो. सभासद राष्ट्रे एका मसुद्यातील शब्दांवर दिवसेंदिवस खल करतात आणि अखेरीस संमत झालेला मजकूर घेऊन आपापल्या राजधानीस परततात. तेथे त्याचे धोरण होते, धोरणाचा कार्यक्रम होतो, कार्यक्रमाचा शासननिर्णय मंत्रालयातून निघतो, तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात रुजू होतो, तेथून तीस हजार वस्तीमागील प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाच हजारांमागील उपकेंद्रात, आणि अखेरीस हजार वस्तीमागे एक या हिशोबाने नेमलेल्या आशाताईच्या वहीत उतरतो. वाट लांब असली तरी ती चालून जाता येते, याची साक्ष नारूच्या रोगाने दिलेली आहे. पायऱ्यांच्या विहिरीत आणि बारवेत उतरून पाणी भरण्याचा जो आपला जुना शिरस्ता, त्यातून नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडे, जखमेतील जंताची पिले पाण्यात सुटत, ती एका सूक्ष्म जलकीटकाच्या पोटात जात आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या देहात वर्षभराने हातभर लांबीचा जंत होऊन बाहेर पडत. १९८६ साली जागतिक आरोग्य सभेने या रोगाच्या उच्चाटनाचा ठराव केला. आपल्याकडे त्याआधीच कार्यक्रम सुरू झाला होता, आणि महाराष्ट्रासह ज्या सात राज्यांत हा रोग होता तेथे गावोगाव नारूच्या रोग्यांचा शोध घेणे, पाणी कापडाने गाळून पिण्यास शिकवणे, पायऱ्यांच्या विहिरी बुजवून वा बांधून काढून हातपंप बसवणे, ही कामे झाली. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी आढळला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आज मराठवाड्यातील शाळकरी मुलास नारू हा शब्द आजोबांकडूनच ऐकावा लागतो.

पण परिषदेचा शब्द गावात उतरतो, एवढेच सांगून थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. कारण गावाचा शब्दही परिषदेत पोहोचतो, आणि जगातील सर्वांत गाजलेल्या आरोग्य परिषदेत जो शब्द पोहोचला तो बीड जिल्ह्याच्या अगदी वेशीवरून निघाला होता.

बीडहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याची हद्द ओलांडताच, जामखेड लागते. एके काळी निजामी मुलूख आणि इंग्रजी अंमल यांची सरहद्द याच टापूतून गेलेली होती, आणि दोन्ही राजवटींच्या सदरेपासून दूर पडल्यामुळे दोहोंकडूनही त्याची उपेक्षा झाली. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि पोटासाठी बाहेर पडणे ही पाटोदा-आष्टीप्रमाणेच येथलीही रीत. अशा ठिकाणी १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचे, पुढे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. मोठ्या शहरात मोठा दवाखाना काढणे त्यांना अवघड नव्हते. जामखेडला आल्यावर दुष्काळ त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि लोक औषधाआधी पाणी आणि अन्न मागतात हे त्यांनी ओळखले. मुलांसाठी गावकऱ्यांच्या हातून चालणारी अन्नछत्रे निघाली, विंधनविहिरी खोदल्या गेल्या, आणि त्यांपैकी कित्येक दलित वस्तीत घेण्यात आल्या, ज्यामुळे सवर्णांच्या बायकांना घागर घेऊन त्या वस्तीत जावे लागले. अस्पृश्यतेवरचे एवढे नेमके औषध कोणत्याही औषधालयात मिळाले नसते.

पुढचा टप्पा अधिक धाडसाचा होता. प्रत्येक गावाने आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर, अनेक दलित, कित्येक परित्यक्ता वा विधवा. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, एकमेकींना गावातल्या अडचणी सांगायच्या, अंगाईगीताइतक्या सहजतेने बाळंतपणातील धोक्याची लक्षणे, अतिसारावर मीठ-साखरेचे पाणी, लसींचे दिवस हे सारे मुखोद्गत करायच्या आणि परत जायच्या. गावात शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. १९७१ साली त्या टापूत जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. शतक संपेपर्यंत हा आकडा तिशीच्या खाली आला. या उतरत्या आकड्यामागे जे कर्तृत्व होते त्यात डॉक्टरांचा वाटा मोठा होता, पण त्या निरक्षर बायकांचा त्याहून मोठा होता, आणि हे स्वतः आरोळे दांपत्याने पुनःपुन्हा सांगितले आहे.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी स्वतः घडवलेल्या आरोग्याची जगभरातील उदाहरणे एका ग्रंथात एकत्र केली. त्यात जामखेडवर एक स्वतंत्र प्रकरण होते, आणि तीन वर्षांनी, ६ ते १२ सप्टेंबर १९७८ या आठवड्यात, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील कझाकस्तानात अल्मा-आटा येथे जी परिषद भरली तिच्या विचाराची पायाभरणी या उदाहरणांनी केली होती. १३४ राष्ट्रांची सरकारे तेथे हजर होती. हाफदान माहलर हे संघटनेचे महासंचालक त्या काळी २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य या ध्येयाचा ध्यास घेऊन बसले होते. प्राथमिक आरोग्यसेवा हा माणसाचा हक्क, तीत लोकांचा सहभाग हवा, अन्न, पाणी, स्वच्छता यांना दवाखान्याहून कमी लेखता कामा नये, आणि गावातल्याच माणसाला आरोग्याचा कार्यकर्ता करावे, ही तत्त्वे तेथे मान्य झाली. ज्या तत्त्वांचे अनुवाद पुढे जगातील अनेक भाषांत झाले त्यांतील काहींचा पहिला पाठ जामखेडच्या आठवडी बैठकीत, आपल्या मराठीत, गिरवला गेला होता, हे लिहिताना मनाला जी धन्यता वाटते ती लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

१९८८ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या अशाच एका ग्राम आरोग्य सेविकेला बोलण्याचा मान मिळाला. सभागृहाच्या छताला भव्य झुंबरे लटकत होती. तिने त्या झुंबरांकडे पाहिले आणि डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली: सुंदर, किमती, आणि गोरगरिबांच्या हाती न येणारी. मग तिने आपल्या पिशवीतून दोन साध्या वातीच्या दिव्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावरून दुसरी पेटवून दाखवली. सारे सभागृह उभे राहिले.

दुर्दैवाने अल्मा-आटाची शाई वाळते न वाळते तोच १९७९ साली इटलीतील बेलाजिओ येथे एक लहानशी परिषद झाली आणि एवढा विस्तृत कार्यक्रम गरीब देशांना झेपणार नाही, तेव्हा मोजक्या, स्वस्त आणि मोजता येण्याजोग्या उपायांवरच भर द्यावा, असा विचार पुढे आला. पैसा देणाऱ्या संस्थांना तो पटला. त्यातून लसीकरणासारखी मोलाची कामे झाली हे खरे. पण पाणी, जमीन, मजुरी, जात यांचा आरोग्याशी असलेला संबंध त्या मोजणीतून गळून पडला. हा माझ्या मते त्या काळाचा मोठा तोटा होता.

त्या तोट्याची काही भरपाई १९८६ साली कॅनडात ओटावा येथे झाली. १७ ते २१ नोव्हेंबर या पाच दिवसांत अडतीस देशांतील जाणकारांनी आरोग्यसंवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तीतून जी सनद निघाली ती आजही या विषयाची गंगोत्री मानली जाते. शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, स्थिर निसर्ग, टिकणारी साधनसंपत्ती, सामाजिक न्याय आणि समता यांच्यावाचून आरोग्य उभे राहूच शकत नाही, आणि माणूस जेथे राहतो, शिकतो, राबतो तेथेच त्याचे आरोग्य घडते अथवा बिघडते, हे तिचे सार. आपल्या लोकांना ही गोष्ट सर्वस्वी नवी होती असे नाही. बीड शहराजवळ १५८२ च्या सुमारास, निजामशाहीच्या अमदानीत, जहागीरदार सलाबतखानाने बांधवून घेतलेली खजाना बाव आजही भुयारी पाटांनी पाणी देते. दुष्काळी मुलखात पाण्याची अशी तजवीज करणारा माणूस लोकांच्या आयुष्याचीच तजवीज करीत होता. अंबाजोगाईस, जुन्या मोमिनाबादेस, १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यामागेही डॉक्टर घडावा तो खेड्याच्या सान्निध्यात, हाच विचार होता.

आता ही ओटावाची सनद हाती घेऊन आपण उसाच्या फडात जाऊ.

फडाच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो; ती उचल ऊस तोडून फेडायची. पहाटेच्या अंधारात फडावर जायचे, पुरुषाने तोडायचे, बाईने पाचट सोलून वाढे बाजूला करून मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची, आणि मग कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, परतून पाणी, चूल, लेकरे. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशोबात चढतो. बाई आजारी पडली तर कोयताच मोडतो, म्हणून खाडा दोघांचा. पाळीच्या दिवसांत विसावा नाही, आडोसा नाही, न्हाणीघर नाही, धुतलेले कापड वाळवायला जागा नाही. यातून अंगावरून जाण्याची, ओटीपोटात दुखण्याची तक्रार सुरू होते, ती सांगायला लाज वाटते, आणि सांगितली तरी फडाजवळ सांगणार कोणाला? हंगाम संपवून गावी परतल्यावर ती बाई तालुक्याच्या एखाद्या खासगी दवाखान्यात जाते, तेथे पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असे कोणीतरी सांगते, आणि पिशवी काढली की पाळीही गेली आणि खाडाही गेला, असा विचार करून घर कर्ज काढते. शस्त्रक्रियेसाठी घेतलेले कर्ज फेडण्यासाठी पुढच्या हंगामाची उचल आधीच उचलावी लागते. ज्या फडाने आजार दिला त्याच फडाकडे आजाराचे कर्ज तिला परत नेते.

२०१९ साली हा प्रकार वृत्तपत्रांतून गाजला, तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक, आणि त्यांत तरुण वयाच्या कितीतरी. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही गेले असतील तर तिशी-पस्तिशीतच बाईला म्हातारपण गाठते, हाडे ठिसूळ होतात, आणि मोळी तर पूर्वीइतकीच जड असते. पुढे अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासणीची व्यवस्था ठरली, आणि २०२३ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्धची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा निर्णय दिला. हे सारे आवश्यक होते. पण या साऱ्याचा रोख दवाखान्यावर आहे. ओटावाच्या सनदेप्रमाणे पाहिले तर रोग फडात आहे, उचलीच्या करारात आहे, खाड्याच्या दंडात आहे, कोपीजवळ नसलेल्या नळात आहे. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या, त्या जिल्ह्यात बाईच्या देहाचे मोल कोण कसे ठरवते हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात मावणारा नाही. १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेने स्त्रीचे प्रजननविषयक आरोग्य हा तिचा हक्क मानला, त्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा बीडचा हा आकडा बाहेर आला.

ओटावानंतर अ‍ॅडलेड, सुंड्सव्हाल, जाकार्ता, मेक्सिको, बँकॉक, नैरोबी, हेलसिंकी, शांघाय अशी आरोग्यसंवर्धनाच्या परिषदांची मालिका चालू राहिली आणि दहावी परिषद २०२१ च्या डिसेंबरात, करोनाच्या छायेत, जिनिव्हाहून दूरसंचाराच्या साहाय्याने झाली. यांपैकी २०१३ च्या हेलसिंकी परिषदेचा विचार आपल्या कामाचा आहे: राज्याच्या प्रत्येक खात्याने आपला निर्णय आरोग्याच्या कसोटीवर घासून घ्यावा. हा विचार महाराष्ट्रात खरोखर आणावयाचा तर तो आरोग्य खात्यातून नव्हे, पुण्याच्या साखर आयुक्तालयातून सुरू व्हावा लागेल. ज्या दप्तरातून कारखान्यास गाळपाचा परवाना मिळतो त्याच दप्तराने ऊसतोडीच्या तळावर पाणी, संडास, पाळणाघर आणि आठवड्यातून एकदा येणारी परिचारिका यांची खातरजमा करून घेतल्याशिवाय तो परवाना देऊ नये.

स्थलांतरितांच्या आरोग्यावरही स्वतंत्र जागतिक विचारविनिमय झालेले आहेत: २०१० साली माद्रिदला, २०१७ साली कोलंबोला, २०२३ साली राबातला. त्यांत बोलले गेले ते मुख्यतः देशाची सीमा ओलांडणाऱ्यांविषयी, आणि ते स्वाभाविकही होते, कारण परिषद राष्ट्रांची असते आणि राष्ट्रांना आपली सीमा दिसते. पाटोद्याची बाई कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या फडात जाते तेव्हा ती कोणत्याही राष्ट्राची सीमा ओलांडत नाही. तरीही तिच्या गावच्या आशाताईच्या वहीतील गरोदरपणाची तपासणी, लेकराच्या लसीची तारीख, लोहाच्या गोळ्या हे सारे मागे राहते, आणि शिरोळच्या वहीत तिचे नाव नसते. २०२० च्या मार्चात, त्याच १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन, जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या तेव्हा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार फडांवर आणि कोपींत अडकून पडले आणि एप्रिलच्या मध्यास शासनाने परवानगी दिल्यावर त्यांना घरची वाट धरता आली. त्या काही आठवड्यांत जिल्ह्याची हद्द ही त्यांच्यासाठी राष्ट्राच्या सीमेइतकीच पक्की झाली होती.

अल्मा-आटाने गाव हे एकक मानले, जामखेडने गाव हे एकक मानून चमत्कार घडवला, आणि आपली आशा-योजनाही २००५ पासून गाव हेच एकक धरून चालली आहे. पण अर्धे वर्ष रिकामे होणाऱ्या गावाला हे माप पुरत नाही. आरोग्याच्या नोंदी माणसाबरोबर चालल्या पाहिजेत, प्रत्येक टोळीत तिच्यातलीच एक बाई आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केली पाहिजे, आणि तिला त्या कामाचा मोबदला खाड्यापासून मुक्त असा मिळाला पाहिजे. जामखेडच्या बाईने गावात जे केले ते फडातल्या बाईला करता येणार नाही असे मानण्यास कोणताच आधार नाही.

येत्या काळात आरोग्यसंवर्धनाच्या आणखी परिषदा होतील, मे महिन्यात जिनिव्हाची सभा भरेल, आणि महाराष्ट्रातून अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर त्यांना जातील. त्यांना या प्रकरणाच्या लेखकाची विनंती आहे, की निघण्यापूर्वी त्यांनी दिवाळीनंतरच्या एखाद्या पहाटे कोल्हापूर वा सांगली जिल्ह्यातील एका ऊसतोडीच्या तळावर जावे, तेथील एका बाईला तिचे नाव कोणत्या दवाखान्याच्या वहीत आहे ते विचारावे, तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि जमल्यास तिलाच बरोबर न्यावे.